चौदाव्या शतकातले दाजी

मदत कुणी केली ते आधी सांगतो, काय झालं ते मागाहून. मदत केली दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे मिस्टर. पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहणार झूटरमेर, नोकरी आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइकला, आणि माझ्या माहितीप्रमाणे सबंध युरोपात चौदाव्या शतकात राहणारा एकुलता एक कोल्हापूरकर. आज मी या परक्या मुलखात हक्काच्या चुलीपुढं उभा राहून भाजी परततो, माझा धाकटा भाऊ इंजिनिअर होऊन चारचौघांत कॉलर ताठ करून फिरतो, ते सगळं या एका माणसामुळं. आणि त्याबदल्यात त्या माणसाचं जे राहून गेलं, ते आठवलं की फोडणीत मोहरी तडतडत असतानाही माझा हात थांबतो.

माझं सांगण्यासारखं फारसं नाही. नववीत शाळा सुटली, मुंबईत हॉटेलात लागलो, भांडी घासता घासता भट्टीपाशी पोचलो, आणि तिथनं एका पंजाबी मालकाच्या ओळखीनं हेगमधल्या त्याच्या हॉटेलात आचारी म्हणून आलो. तेव्हा युरो नोटा नव्या नव्या वाटायच्या आणि घरी बोलायला फोनकार्ड खरवडावं लागायचं. स्वभाव पहिल्यापासून घाबरट. दाराच्या फटीतनं सरकारी पाकीट आत पडलं की ते उघडायच्या आधीच मी दाजींना फोन लावायचो. त्यात मालक म्हातारा झाला, हॉटेल विकून लंडनला मुलाकडं जायचं त्यानं ठरवलं. माझं परमिट त्याच्या हॉटेलाला बांधलेलं. दुसरं स्वयंपाकघर मिळालं तर मी राहणार, नाही तर गाशा गुंडाळायचा. भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी परत गेलो असतो तर त्याचंही माझ्यासारखंच अर्ध्यावर सुटलं असतं. हे मी दाजींना रडवेल्या आवाजात सांगितलं, तेव्हा ते चामड्याच्या बुटाला मेण चोळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पाव्हणं, त्या काळी परमिट नव्हतं. माणूस चालत निघाला की पोचायचा. आपण शतक चुकलो, दुसरं काय!"

'त्या काळी' म्हणजे दाजींचा काळ. इकडं अशा हौशी लोकांचे गट असतात. उन्हाळ्यात एखाद्या जुन्या किल्ल्यामागच्या कुरणात तंबू ठोकायचे, लोकरीचे डगले घालायचे, लाकडावर शिजवायचं, दिवसा तलवारी खेळायच्या आणि संध्याकाळी ढोल वाजवत मधाची दारू प्यायची. चार दिवस सगळं चौदाव्या शतकातलं. पाचव्या दिवशी हेच लोक टाय लावून ऑफिसात जातात. अशा एका गटात दाजी कसे शिरले ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. ताईच्या, म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या, म्हणण्याप्रमाणे ती त्यांना एका रविवारी किल्ला बघायला घेऊन गेली आणि परत येताना गाडीत नवरा नव्हता, त्या जागी दुसराच कोणीतरी बसला होता. "लग्न झालं तेव्हा माणूस चांगला विसाव्या शतकातला होता रे," ती मला सांगायची, "बघून-सवरून दिला होता."

गटातल्या बाकीच्यांना ती हौस होती, दाजींचं ते व्रत होतं. आपले कपडे ते स्वतः हातानं शिवत. तेही कुठं, तर झूटरमेर ते स्लोटरडाइक रोजच्या आगगाडीत. आजूबाजूचे लोक लॅपटॉप उघडून बसलेले आणि मधोमध हा गृहस्थ मांडीवर तागाचा सदरा घेऊन टाके घालतोय. एकदा समोरच्या डच आजीबाई बराच वेळ बघत बसल्या, शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी दाजींच्या हातातून सुई काढून घेतली, टाका उसवला, नीट घालून दाखवला आणि लायडनला उतरून गेल्या. ती बाही दाजी लोकांना देवाचा प्रसाद दाखवावा तशी दाखवत. डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी बसवलेल्या गणपतीला ते तोच डगला चढवून गेले होते. आरतीला उभे राहिले तर पोरांना वाटलं, आता नाटक सुरू होणार, आणि पुढच्या रांगेतली चार मंडळी खाली बसली. दाजींनी शांतपणे सगळी आरती म्हटली, मोदक खाल्ला आणि सेक्रेटरीला बाजूला घेऊन सांगितलं, "मखर छान आहे, पण थर्माकोल त्या काळी नव्हतं."

शिबिराच्या फाटकावर तपासणी करायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. कुणाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला दिसला तरी त्यांना चालायचं नाही. चष्मा, चेन, प्लॅस्टिकचं बटण, काहीही असो, दाजी हात पुढं करायचे आणि वस्तू बाहेर काढून ठेवावी लागायची. एका दातांच्या डॉक्टरला त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "आतल्या चड्डीला इलॅस्टिक आहे का?" डॉक्टर बिचारा तंबूत जाऊन नाडी घालून आला. आदल्या वर्षी एका पोरट्याच्या घड्याळाचा गजर ऐन लढाईत वाजला, तेव्हा दाजींनी सभेत ठराव मांडून नियमच करून घेतला. शिबिरात कुणाचं यंत्र सापडलं तर त्याला त्या वर्षी पट्टा मिळणार नाही.

हा पट्टा काय ते सांगायला हवं. नव्या माणसानं कंबरेला साधी सुताची दोरी बांधायची. तीन-चार उन्हाळे निष्ठेनं काढले की शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांदेखत त्याची दोरी सोडतात आणि चामड्याचा, पितळी बकल असलेला पट्टा बांधतात. मग तो गटाचा खरा माणूस. ऑफिसात दाजींना एकापाठोपाठ दोन बढत्या मिळाल्या होत्या, त्यांची बातमी ताईला महिन्याभरानं दुसऱ्यांकडून कळली. पण पट्ट्याचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलायचा. मी एकदा विचारलंही, "दाजी, एवढं काय आहे त्यात?" तर म्हणाले, "पाव्हणं, ऑफिसात मी काय करतो ते मला माझ्या बापाला समजावून सांगता येत नाही. इथं मी खुंटी ठोकतो आणि तंबू उभा राहतो. दिसतं. आणि ते पट्टा बांधतात ना, तेव्हा विचारत नाहीत हा कुठनं आलाय, किती दिवस राहणार आहे."

लढाईत मात्र दाजी पहिल्याच हल्ल्यात मरायचे. तलवार त्यांना पेलत नव्हती असं नाही, मरणं आवडायचं. "मारायला सगळेच येतात, मरायला माणूस लागतो की नाही?" असं म्हणत ते दरवर्षी आपलं नाव आधी नोंदवत. आणि मरायचे ते साधेसुधे नाही. छातीवर हात, दोन गिरक्या, गुडघ्यावर बसणं, आणि मग अस्सल मराठीत निरोपाचं भाषण. "शाहूपुरीतल्या लोकांना सांगा, दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाला माझी वाट बघू नका!" कडेचे डच प्रेक्षक डोळे पुसत टाळ्या वाजवायचे. मग लढाई संपेपर्यंत हे गवतावर उताणे पडून ढग बघत. ताई म्हणायची, वर्षातनं तेवढीच एक झोप ह्यांना नीट लागते.

त्या वर्षी दाजींना पट्टा मिळायचा होता. आणि त्याच शिबिरात माझी गाठ त्यांनी सरदाराशी घालून द्यायचं ठरवलं. सरदार म्हणजे गटाचा म्होरक्या, लाल दाढीचा, दारात उभा राहिला तर उजेड बंद होईल असा माणूस. एरवी त्याचा धंदा ऑफिसांची कॅन्टीन चालवायचा. स्लोटरडाइकच्या दोन इमारतींत आपली पुण्या-मुंबईची पोरं भरली होती. ती रोज पाव-चीजकडं बघून उसासे टाकायची आणि घरचा डबा उघडायची. सरदाराला एक भारतीय आचारी हवा होता. पण त्यानं आधी एकाला बघितलं होतं, तो आयती पाकिटं फोडून गरम करायचा. म्हणून सरदाराचं म्हणणं पडलं, "मला असा माणूस दाखव, ज्याला नुसता विस्तव आणि भांडं दिलं तरी स्वयंपाक येतो." दाजींनी लगेच शब्द दिला, "शेवटच्या संध्याकाळची मेजवानी माझा मेव्हणा करेल. लाकडावर. सगळं त्या काळातलं."

हे मला कळलं तेव्हा माझी गाळण उडाली. कारण त्या काळात काय काय नव्हतं याची दाजींनी उजळणी घेतली. मी म्हटलं, "मिरची?" दाजी म्हणाले, "तिचं जहाज अजून निघायचंय." म्हटलं, "टोमॅटो?" "जहाज निघायचंय." "बटाटा? काजू?" "पाव्हणं, अमेरिका सापडायचीय अजून!" "निदान नारळ?" "इथं कोण आणून देणार? तुमचे चुलते?" मी कपाळाला हात लावून बसलो. तेव्हा दाजींनी मला ते आपल्या भाषेत समजावलं. "हा त्यांचा उपास आहे असं समजा. आपल्या उपासाला वरी चालते, गहू चालत नाही. का, असं आपण विचारतो का? यांना कांदा चालतो, बटाटा चालत नाही. झालं!" आणि त्याच दमात, ताई चतुर्थीची खिचडी ढवळत असताना, त्यांनी तिला सांगून टाकलं की साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, रताळं सगळं मूळचं तिकडचं, म्हणजे आपला सबंध उपासच अमेरिकेचा. ताईनं झारा खाली ठेवला. "मग त्या आधी बायका काय खात होत्या?" दाजी म्हणाले, "नवऱ्याचं डोकं." खिचडी त्या दिवशी फक्त मला मिळाली.

पण त्या उपासाच्या यादीवरनंच मला वाट सापडली. यांच्याकडं काळी मिरी चालते, लवंग, दालचिनी, वेलदोडा चालतो, आलं-लसूण चालतं, खसखस तर इथलीच, आणि नारळाच्या दुधाऐवजी हे लोक त्या काळी बदामाचं दूध काढायचे. मी उभाच राहिलो. "दाजी, हा तर पांढरा रस्सा झाला!" दाजींनी बूट खाली ठेवला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की आयुष्यात मला कुठल्या मास्तरानं तसं बघितलेलं नाही. "पाव्हणं," ते म्हणाले, "सहाशे वर्षं हे लोक तुमची वाट बघतायत."

शिबिराला आम्ही गेलो ते ढगाळ हवेत. ताईनं डगला घालायला साफ नकार दिला होता. "मी एकविसाव्या शतकातच बरी आहे," म्हणत तिनं कुरणाच्या कुंपणापलीकडं, गाड्या लावतात तिथं, घडीची खुर्ची टाकली आणि थर्मास घेऊन बसली. गाडीच्या डिकीत तिचा संसार होता. गॅसची छोटी शेगडी, चहाचं सामान, कांदा-लसूण चटणीची बाटली, आणि कुकर. कुकराशिवाय ती घराबाहेर मुक्काम करत नाही. दाजींनी फाटकावर स्वतःच्या बायकोलाही हात जोडून सांगितलं होतं, "हे कुंपणाच्या आत येणार नाही हं."

तीन दिवस छान गेले. मेजवानीची धास्ती असूनही मला हसू यायचं. संध्याकाळ झाली की एकजण चामड्याची पिशवी काखेत दाबून सनईसारखं वाजवायचा, दुसरा ढोल बडवायचा, आणि मग दाजी त्या सगळ्या गोऱ्या सरदार-शिलेदारांना लेझीम शिकवायचे. लेझमी नव्हत्या. अंगातल्या लोखंडी कड्यांच्या चिलखतांचा आवाज तसाच येतो, हा दाजींचा शोध. दातांचा डॉक्टर, बँकेतल्या बाई, शाळेचे मास्तर, सगळे रांगेनं खाली वाकतायत, वर होतायत, आणि पुढं दाजी ओरडतायत, "एक, दोन, खाली! अरे गुडघ्यात वाक, तू काय पोस्टात उभा आहेस?" हे मराठीत. आणि त्यांना ते कळायचं.

शेवटच्या दिवशी दुपारपासून पाऊस बारीक बारीक लागला. लाकडं ओली, विस्तव नुसता धुमसायचा, आणि सरदारानं आणलेलं मेंढ्याचं मटण निघालं जून. लोखंडी हांडा केव्हाचा चढवलेला, पण बोटानं दाबलं तर मटण दगडासारखं. मी गुडघ्यावर बसून फुंकतोय, धुरानं डोळे गळतायत, आणि मनात एकच, मटण शिजलं नाही तर आपण घरी. दाजी दर थोड्या वेळानं यायचे, हांड्यात डोकवायचे, माझ्याकडं बघायचे आणि जायचे. एकदा म्हणाले, "घाबरू नका." मी म्हटलं, "दाजी, मी घाबरत नाही." आणि डावात दुसऱ्यांदा मीठ घेतलं. दाजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "जा, लाकडं आणा. मी ढवळतो."

मी कोरडी लाकडं शोधून परत आलो तर हांड्यात मटण कमी. निम्म्यावर आलेलं. मी म्हटलं, "दाजी, मटण कुठं गेलं?" दाजींनी आकाशाकडं बघितलं. "उष्णतेनं आकुंचन पावतं," ते म्हणाले. मी हयातभर मटण शिजवलेलं, पण समोर इंजिनिअर माणूस, आणि मी नववी. मी रस्सा वाढवायला पाणी ओतलं. एवढ्यात पाऊस थांबला, पश्चिमेला लख्ख ऊन पडलं, आणि विस्तवानं एकदाची जीभ बाहेर काढली.

ऊन बघून सरदाराला हुरूप आला. पट्ट्याचा समारंभ जेवणानंतर असायचा, पण त्यानं शिंग फुंकलं. आत्ताच करू, उजेड चांगला आहे. सगळे गोलात उभे राहिले. मी हांड्यापाशी बसून बदाम वाटत होतो, तिथनं मला नीट दिसत होतं. दाजी मधोमध एका गुडघ्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं ऊन होतं की मला ते लग्नातले दाजी वाटले, अंतरपाट बाजूला व्हायच्या आधीचे. दोन माणसांनी त्यांच्या कंबरेची दोरी सोडली आणि मागं गवतात टाकली. कुणी बोलत नव्हतं, ढोल थांबलेला. सरदारानं पट्टा दोन्ही हातांत धरून वर उचलला, आणि कुंपणापलीकडनं कुकरची शिट्टी झाली.

मी आयुष्यात हजारो शिट्ट्या ऐकल्यात. एवढी मोठी, एवढी लांब, एवढी आपल्या घरची शिट्टी मी कधी ऐकली नाही. बँकेतल्या बाईंनी वर झाडाकडं बघितलं; त्यांना पक्षी वाटला. सरदारानं पिशवी वाजवणाऱ्याकडं डोळे वटारले. त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले, मी नाही. पट्टा हवेतच. सगळे पुन्हा गंभीर झाले, आणि दुसरी शिट्टी झाली. ताईला बिचारीला पलीकडं काय चाललंय ते दिसत नव्हतं. तिला नवऱ्यानं निम्मं मटण आणून दिलं होतं, तीन शिट्ट्या दे म्हणून सांगितलं होतं, ती देत होती.

तिसऱ्या शिट्टीला दाजी उठून उभे राहिले. डगला दोरीविना सैल, गुडघ्याला चिखल. म्हणाले, "माझी आहे." इंग्रजीतच म्हणाले, पण तेवढं मलाही कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, माझ्याकडं बोट करून. नंतर त्याचा अर्थ मला दातांच्या डॉक्टरनं हातवारे करून समजावला. यानं काही केलेलं नाही, याला माहीतही नव्हतं, याच्या हांड्यात आहे ते अस्सल आहे, भीती मला वाटली, यंत्र मी लावलं.

आधी एकजण हसला, मग सगळा गोल हसायला लागला. सरदार तर दाढी धरून हसत होता. त्यानं हात झटकला, जाऊ दे, कुंपणाच्या बाहेर होतं ना, चालतं, ये इकडं. बाकीचेही ओरडायला लागले, बांधा पट्टा! मी मनातल्या मनात म्हणत होतो, दाजी, बसा खाली, बसा. पण दाजी हात बांधून उभे. म्हणाले, "नियम मी केलाय. त्या घड्याळवाल्या पोराला आपण पट्टा दिला नव्हता." हसणं हळूहळू थांबलं. सरदारानं पट्टा खाली घेतला. म्हणाला, "पुढच्या वर्षी." दाजी म्हणाले, "पुढच्या वर्षी."

मग ते सरळ माझ्याकडं आले, हांड्याजवळ उकिडवे बसले, डावानं एक तुकडा काढून बोटांत दाबला. मटण हाडावरनं अलगद सुटून आलं. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो.

"शिजलंय की," दाजी म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

"मग चांगलंच झालं." त्यांनी तो तुकडा परत हांड्यात सोडला. "पाव्हणं, सरदाराला यातलं वाढा. कुकरातलं या लोकांच्या पानात जाऊ देऊ नका." आणि उठताना एका हातानं डगला गोळा करत इकडंतिकडं बघायला लागले. मला कळायला वेळ लागला की ते आपली दोरी शोधतायत. ओल्या गवतात ती कुणाच्या तरी पायाखाली गेली होती. मी शोधून, झटकून दिली. त्यांनी ती बांधली, गाठ मारली, आणि जाऊन ढोलवाल्याला म्हणाले, "वाजव रे, कुणी मेलेलं नाही. मी सोडून."

त्या संध्याकाळी दाजी सगळ्यांपेक्षा जास्त नाचले. रस्सा संपला. सरदारानं पावानं हांडा पुसला, माझ्यासमोर येऊन काहीतरी लांबलचक बोलला. दाजींनी मराठी केलं, "सरदार विचारतायत, हेच बटाटा घालून रोज जमेल का?" मी मान हलवत राहिलो, थांबेनाच. मग मी आणि दाजी कुंपणापलीकडं ताईकडं गेलो आणि गाडीच्या बॉनेटवर थाळ्या ठेवून कुकरातलं मटण ताईच्या चटणीबरोबर खाल्लं. ताईला एव्हाना सगळं कळलं होतं. ती जेवेचना. "मी शिट्टी काढून ठेवली असती हो," एवढंच म्हणत होती. दाजी म्हणाले, "मग वाफ कुठनं जाईल? काहीतरी शास्त्र असतं की नाही?" आणि तिच्या ताटातलं हाड उचलून चोखायला लागले.

माझ्या कागदपत्रांचं काम सगळा उन्हाळा चाललं. प्रत्येक कचेरीत दाजी रजा काढून माझ्याबरोबर आले, खिडकीपुढं माझ्या वतीनं बोलले. काम झालं. आणि पानगळ सुरू झाली तशी दाजींच्या कंपनीनं प्रोजेक्ट गुंडाळलं, त्यांना पुण्याला बोलावून घेतलं. पुढचं वर्ष त्यांच्यासाठी इथं आलंच नाही. विमानाला वजनाची मर्यादा. सामानात कुकर बसला, चौदावं शतक बसलं नाही. डगला, बूट, आजीबाईंच्या टाक्याचा सदरा आणि ती दोरी, सगळी ट्रंक ते माझ्याकडं ठेवून गेले. निघताना विमानतळावर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "पाव्हणं, मीठ बघून घालत जा." 

आता मी दरवर्षी त्या कुरणात हांडा चढवतो. मिरचीचं जहाज तिथं अजून निघालेलं नाही. लढाईत पहिल्यांदा कोण मरणार याची हल्ली चिठ्ठी टाकावी लागते, आपणहून कुणी तयार होत नाही, आणि मरतात तेही मुकाट्यानं. दाजींचा पट्टा सरदारानं दुसऱ्या कुणाला दिला नाही. देता येणारही नव्हता, भोकं दाजींच्या कंबरेच्या मापानं पाडलेली. तो कॅन्टीनच्या आमच्या स्वयंपाकघरात झाऱ्यांच्या शेजारी खिळ्याला लटकतोय. वाफेनं चामडं कडक होऊ नये म्हणून मी त्याला अधूनमधून मेण चोळतो, दाजी बुटाला चोळायचे तसं.

परवा पुण्याला फोन केला होता. दाजींचा गुडघा दुखतोय, ऑफिसला जायला-यायला ट्रॅफिकमध्ये जीव जातो, पोट सुटलंय असं ताई मागनं ओरडून सांगत होती. मी म्हटलं, "दाजी, एकदा या की. पट्टा वाट बघतोय." बकल काळं पडलं नाही ना, ते त्यांनी आधी विचारलं. मग हसले. "येतो की पाव्हणं. जहाज अजून निघायचंय."

ते जहाज मी काढणार आहे. भोकं पुढं सरकवून घेईन, डगल्याच्या शिवणी उसवून सैल करीन. त्या दिवशी हांडा मी पहाटेच चढवीन, लाकडं आठवडाभर आधी वाळवून ठेवीन, मटण कोवळं बघून आणीन. आणि ताईचा कुकर फाटकावर मी स्वतः काढून घेईन. दाजी, तुम्ही नुसतं त्या गोलात येऊन एका गुडघ्यावर बसा. या वेळी पट्टा बांधून होईपर्यंत कुठं कसला आवाज होणार नाही, हा माझा शब्द.